फर्ग्युसनच्या पावत्या

२००७ साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, फर्ग्युसन नावाच्या छोट्या शहरात, एका कृष्णवर्णीय बाईने गाडी चुकीच्या जागी लावली. एकदाच लावली. पोलिसाने दोन पावत्या फाडल्या. दंड १५१ डॉलर, वर कोर्टाचा खर्च वेगळा. बाईची ओढाताण चालली होती; मधूनमधून तर राहायला घरही नसायचं. तारखा चुकल्या, हप्ते चुकले. त्या शहरात कोर्टाची तारीख किंवा दंडाचा हप्ता चुकवणं हा आणखी एक गुन्हा होता आणि त्याला आणखी एक दंड होता. २०१० पर्यंत तिच्या नावावर असे सात गुन्हे चढले. तिला दोनदा अटक झाली, सहा दिवस कोठडीत काढावे लागले. नंतर तिने एकदा २५ आणि एकदा ५० डॉलर भरून पाहिले, तर कोर्टाने ते परत केले. भरायचे तर सगळे एकदम भरा. एकूण ५५० डॉलर भरून झाल्यावरही डिसेंबर २०१४ मध्ये तिच्या नावावर ५४१ डॉलर बाकी निघत होते.

ही हकीकत अमेरिकेच्या केंद्रीय न्याय खात्याने मार्च २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात आहे. बाईचं नाव त्यात दिलेलं नाही. आपल्यापैकी बहुतेकांना फर्ग्युसन माहीत झालं ते दुसऱ्याच एका नावामुळे, पोलिसाच्या गोळीने मेलेल्या मायकेल ब्राऊन या अठरा वर्षांच्या मुलामुळे, आणि टीव्हीवर दिसलेल्या जळत्या दुकानांमुळे. मला मात्र वाटतं, त्या जळण्याची गोष्ट समजून घ्यायची तर सुरुवात या दोन पावत्यांपासून करावी लागते.

(पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजशी या गावाचा संबंध नाही. कॉलेजला मुंबई इलाख्याचे गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांचं नाव आहे. हे गाव विल्यम फर्ग्युसन नावाच्या जमीनमालकाचं. त्याने १८५५ मध्ये रेल्वेला जागा दिली आणि बदल्यात स्टेशन मिळवलं.)

निमित्त

निमित्त आणि कारण हे दोन शब्द आपण बोलताना सहज वेगळे ठेवतो. "ताप हे निमित्त झालं, माणूस आधीच खंगला होता," असं घरातली म्हातारी माणसं म्हणतात. दंगलींबद्दल बोलताना मात्र हा फरक विसरला जातो. कुठे काय पेटलं एवढंच आपण विचारतो.

फर्ग्युसनचं निमित्त असं होतं. ९ ऑगस्ट २०१४, शनिवार, दुपारी बाराची वेळ. कॅनफिल्ड ड्राइव्ह नावाच्या रस्त्याच्या मधून मायकेल ब्राऊन आणि त्याचा एक मित्र चालत होते. डॅरेन विल्सन हा गोरा पोलिस अधिकारी गाडीतून आला आणि त्याने त्यांना फुटपाथवरून चालायला सांगितलं. गाडीच्या खिडकीपाशी झटापट झाली, गोळी सुटली, मुलगा पळाला, वळला, आणखी गोळ्या सुटल्या. दोन-तीन मिनिटांत सगळं संपलं. मुलगा निःशस्त्र होता. दोन दिवसांनी त्याचं तंत्रशिक्षणाचं कॉलेज सुरू व्हायचं होतं.

त्या घटनेच्या काही मिनिटं आधी त्याने जवळच्या दुकानातून सिगारिलोंची (छोट्या सिगारची) पाकिटं दमदाटी करून उचलली होती, हेही खरं आहे. ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

त्यानंतर जे झालं त्याने वस्तीचा धीर सुटला. मृतदेह सुमारे चार तास रस्त्यावर पडून राहिला. ऑगस्टचं ऊन, आजूबाजूला घरं, खिडकीत मुलं, पिवळ्या पट्टीपलीकडे त्याची आई. पंचनाम्याला वेळ लागतो, जमाव वाढल्यामुळे तपास अडला, असं पोलिसांनी सांगितलं. बघणाऱ्यांना दिसलं ते एवढंच की आपल्यातला एक जण चार तास डांबरावर पडलाय आणि कुणाला घाई नाही. दुसऱ्या रात्री वेस्ट फ्लोरिसंट रस्त्यावरचं एक पेट्रोलपंपाचं दुकान लुटून जाळलं गेलं. मग अश्रुधूर, रबरी गोळ्या, चिलखती गाड्या, संचारबंदी, नॅशनल गार्ड म्हणजे राज्याचं राखीव सैन्य. हे सगळं जगाने पाहिलं.

पुढे प्रकरण ग्रँड ज्युरीपुढे गेलं. हा प्रकार आपल्याकडे नाही, म्हणून दोन वाक्यांत सांगतो. खटला भरण्याइतका पुरावा आहे का, हे न्यायाधीशाऐवजी सामान्य नागरिकांचा एक गट बंद दाराआड ठरवतो, आणि त्यांच्यापुढे पुरावा मांडतो तो सरकारी वकील. इथे बारा जण होते, नऊ गोरे आणि तीन कृष्णवर्णीय. आरोप ठेवायला नऊ मतं लागत होती. जो सरकारी वकील एरवी रोज पोलिसांच्या साक्षीवर खटले जिंकतो, त्यानेच इथे पोलिसाविरुद्धचा पुरावा मांडायचा होता. २४ नोव्हेंबरच्या रात्री निकाल जाहीर झाला. खटला भरायचा नाही. त्या रात्री पुन्हा इमारती जळाल्या. त्यात छोट्या दुकानदारांची दुकानं होती, त्याच वस्तीतल्या लोकांच्या रोजीरोटीची ठिकाणं होती. या जाळपोळीला न्याय म्हणता येणार नाही, मी म्हणत नाही.

४ मार्च २०१५ रोजी न्याय खात्याने एकाच दिवशी दोन अहवाल काढले. हे दोन्ही एकत्र वाचणारे लोक मला फार कमी भेटले आहेत.

पहिला अहवाल त्या गोळीबाराबद्दल होता. मुलाने हात वर करून शरणागती पत्करली होती, असं सांगणाऱ्या साक्षी भौतिक पुराव्याशी जुळत नाहीत किंवा बदलत गेल्या आहेत. विल्सनवर केंद्रीय कायद्याखाली खटला भरण्याइतका पुरावा नाही, असं त्यात म्हटलं होतं. हात वर करून "गोळी घालू नका" म्हणण्याची जी खूण देशभर आंदोलनात पसरली, तिचा पाया असा डळमळीत निघाला.

दुसरा अहवाल फर्ग्युसनच्या पोलिसांबद्दल आणि कोर्टाबद्दल होता, शंभराहून जास्त पानांचा. पहिल्या अहवालाने पोलिसांची बाजू घेणारे खूश झाले आणि त्यांनी दुसरा वाचला नाही. दुसऱ्याने आंदोलक खूश झाले आणि त्यांना पहिला नकोसा झाला. माझ्या मते दोन्ही खरे आहेत, आणि दोन्ही खरे आहेत म्हणूनच हे प्रकरण समजून घेण्यासारखं आहे. लोकांनी ऐकलेली गोष्ट तपशिलात चुकीची असेलही, पण हजारो माणसांनी ती ऐकल्याबरोबर खरी मानली. का मानली, याचं उत्तर दुसऱ्या अहवालात आहे.

गल्ला

फर्ग्युसनची लोकसंख्या तेव्हा २१ हजारांच्या आसपास. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. पण त्या गावाचं स्वतःचं पोलिस दल होतं आणि स्वतःचं कोर्टही. अमेरिकेत पोलिस हे राज्याचं एकच खातं नसतं. देशभर सुमारे १८ हजार वेगवेगळी पोलिस दलं आहेत. शहराचं वेगळं, काउंटीचं (म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्याचं) वेगळं, राज्याचं वेगळं. आपल्या नगरपालिकेने स्वतःचे हवालदार नेमावेत, स्वतःचा न्यायाधीश नेमावा आणि दोघांनी वसूल केलेले पैसे त्याच नगरपालिकेच्या तिजोरीत जावेत, अशी कल्पना करा. फर्ग्युसनमध्ये तर कोर्टाचा कारभार पोलिस प्रमुखाच्या देखरेखीखाली चालायचा.

आता पैशांचं गणित. गाव चालवायला पैसा दोन-तीन वाटांनी येतो: घरपट्टी, विक्रीवरचा कर, दंड आणि शुल्क. मिसुरी राज्याने १९८० मध्ये घटनेत दुरुस्ती केली की लोकांचं मत घेतल्याशिवाय कर वाढवता येणार नाही. ऐकायला ही गोष्ट फार लोकशाहीची वाटते. पण दंडाला मतदान लागत नाही. घरपट्टी वाढवायची तर सगळ्या गावाला विचारावं लागतं; गवत जास्त वाढलं म्हणून पावती फाडायची तर एक पोलिस पुरतो. पैशाला जिथून वाट मिळाली तिथून तो वाहिला.

२०१० च्या आर्थिक वर्षात फर्ग्युसनच्या सर्वसाधारण निधीतल्या सुमारे १ कोटी १० लाख डॉलरपैकी १३ लाख ८० हजार डॉलर कोर्टाच्या दंडातून आले होते. म्हणजे साधारण आठवा हिस्सा. २०१५ च्या अंदाजपत्रकात सुमारे १ कोटी ३३ लाखांपैकी ३० लाख ९० हजार दंडातून यावेत, असं धरलं होतं. जवळजवळ चौथा हिस्सा. "धरलं होतं" या शब्दांवर मी मुद्दाम थांबतो. पुढच्या वर्षी लोक किती गुन्हे करतील हे शहराने आधीच जमेच्या बाजूला लिहून ठेवलं होतं. वर्ष संपायच्या आत पावत्यांचं प्रमाण वाढलं नाही तर पुढच्या वर्षीची वसुली वाढवणं अवघड जाईल, असं शहराच्या अर्थ अधिकाऱ्याने मार्च २०१० मध्ये पोलिस प्रमुखाला लेखी कळवलं होतं. हा पत्रव्यवहार अहवालात छापलेला आहे.

उद्दिष्ट ठरलं की हाताखालचे लोक ते गाठतात. एका वेळी एकाच माणसावर तीन-तीन, चार-चार पावत्या फाडल्या जाऊ लागल्या. सर्वांत जास्त कोण फाडतो याची काही पोलिसांत चढाओढ लागायची. २०१२ ते २०१४ या काळात कृष्णवर्णीयांवर एकाच वेळी चार किंवा जास्त पावत्या फाडल्याचे ७३ प्रसंग सापडले. इतरांवर फक्त दोन.

वंशाचा प्रश्न इथे येतो. शहरात कृष्णवर्णीय ६७ टक्के. रस्त्यात गाडी थांबवलेल्यांत ते ८५ टक्के, पावत्या मिळालेल्यांत ९० टक्के, अटक झालेल्यांत ९३ टक्के. कुणी म्हणेल, तेच जास्त नियम मोडत असतील. पण झडत्यांचा आकडा हा दावा टिकू देत नाही. कृष्णवर्णीय चालकाची झडती घेतली जाण्याची शक्यता इतरांच्या दुपटीहून जास्त होती, आणि झडतीत बेकायदा काही सापडण्याचं प्रमाण मात्र त्यांच्याकडे २६ टक्क्यांनी कमी होतं. ज्यांच्याकडे कमी सापडतं त्यांचीच जास्त झडती घेतली जात होती.

"रस्त्यावरून चुकीच्या पद्धतीने चालणं" असाही एक गुन्हा तिथे होता. त्याखाली पकडलेल्यांत ९५ टक्के कृष्णवर्णीय होते. मायकेल ब्राऊनला ज्या गोष्टीवरून हटकलं गेलं ती हीच. पोलिसाच्या त्या पहिल्या वाक्याची त्या वस्तीला सवय होती.

२०१२ च्या उन्हाळ्यातला एक प्रसंग आहे. एक बत्तीस वर्षांचा कृष्णवर्णीय माणूस बास्केटबॉल खेळून झाल्यावर गार होण्यासाठी स्वतःच्या गाडीत बसला होता. पोलिसाने गाडीमागे गाडी लावली, लहान मुलांच्या मागे लागणारा आहेस म्हणत आरोप केला, झडती घ्यायची म्हणाला. त्या माणसाने घटनेतला हक्क सांगून नकार दिला. पोलिसाने बंदूक रोखून त्याला अटक केली आणि आठ गुन्हे लावले. त्यातला एक खोटं नाव सांगण्याचा: लायसन्सवर "मायकेल" होतं आणि तोंडी त्याने "माइक" सांगितलं. या अटकेमुळे त्याची केंद्र सरकारच्या कंत्राटातली नोकरी गेली. आपल्याकडे सुरेशला सुऱ्या म्हटलं म्हणून कोठडी होईल का?

तारीख पे तारीख, आणि प्रत्येक तारखेला दंड

आता कोर्टात चला. महिन्यातून तीन-चार वेळा कोर्ट बसायचं, काही तास. एका बैठकीला कधी पाचशेपर्यंत माणसं, साधारण बाराशे ते पंधराशे गुन्हे. न्यायाधीश अर्धवेळ. त्या भागात एका गावाचा न्यायाधीश दुसऱ्या गावात सरकारी वकील, हेही सर्रास. वकील परवडत नाही, तारीख नीट कळत नाही, पावतीवर लिहिलेली तारीख चुकीची असते. कामावर रोजंदारी, एक दिवस सुट्टी घेतली तर पैसे कापले जातात. हातात पैसे नसताना गेलं तर तिथेच अटक होईल ही भीती. म्हणून माणूस जात नाही.

न गेल्यावर वॉरंट निघतं. वाहतुकीचा गुन्हा असेल तर लायसन्सही निलंबित होतं. त्या भागात बस-रेल्वे तुटपुंजी. कामाला गाडीनेच जावं लागतं. निलंबित लायसन्सवर गाडी चालवली की नवा गुन्हा. नवा दंड, नवी तारीख. सावकाराच्या व्याजाचं गणित ज्यांनी घरात ऐकलंय त्यांना हे ओळखीचं वाटेल. मुद्दल १५१, फेडले ५५०, बाकी ५४१.

डिसेंबर २०१४ मध्ये फर्ग्युसन कोर्टाची वॉरंटं १६ हजारांहून जास्त माणसांवर बाकी होती. त्यात आजूबाजूच्या गावांतून जाणारे-येणारेही आले, पण आकडा गावाच्या लोकसंख्येच्या शेजारी ठेवून पाहा. ही माणसं धोकादायक म्हणून वॉरंट नव्हतं, पैसे यावेत म्हणून होतं. खिशात पैसे नाहीत एवढ्याच कारणावरून, त्याची खरी ऐपत न तपासता माणसाला तुरुंगात टाकता येत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच बिअर्डन विरुद्ध जॉर्जिया या खटल्यात सांगितलं होतं. कायदा तीस वर्षं पुस्तकात होता.

आणि त्याच वेळी शहरातले अधिकारी, कोर्टातले लोक आपल्या ओळखीच्यांच्या पावत्या आपसात रद्द करून घेत होते. हे वाचताना मला सगळ्यात जास्त राग आला. गरीब बाईचे २५ डॉलर परत पाठवणाऱ्या खिडकीतूनच ओळखीवाल्यांची माफी निघत होती.

नव्वद गावं कशाला?

सेंट लुईस हे मोठं शहर, आणि त्याला लागून सेंट लुईस काउंटी. १८७६ मध्ये शहर काउंटीपासून कायमचं वेगळं झालं. पुढे काउंटीत एकेक करून छोटी गावं स्वतंत्र होत गेली. २०१४ मध्ये ती ९० होती आणि ८१ गावांना आपापलं कोर्ट होतं. दहा मैल गाडी चालवली तर पाच-सहा गावांच्या हद्दी ओलांडल्या जातात आणि प्रत्येक हद्दीत पावतीपुस्तक घेऊन कुणीतरी उभं.

एवढी गावं का झाली? याचं एक मोठं उत्तर घरांमध्ये आहे. १९१६ मध्ये सेंट लुईसने सार्वमत घेऊन कृष्णवर्णीयांनी कोणत्या गल्लीत राहायचं याचा कायदा केला. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने केंटकीतल्या एका खटल्यात असे कायदे रद्द केले. मग लोकांनी खासगी करारांची वाट काढली. खरेदीखतातच अट घालायची की हे घर गोऱ्याखेरीज कुणाला विकायचं नाही. सेंट लुईसमधल्या लाबाडी अॅव्हेन्यूवरच्या एका घरावर १९११ पासून अशी अट होती. १९४५ मध्ये शेली नावाच्या कृष्णवर्णीय कुटुंबाने ते घर घेतलं. अटीची त्यांना कल्पना नव्हती. काही गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या गोऱ्या कुटुंबाने त्यांना बाहेर काढण्यासाठी दावा लावला. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेलींच्या बाजूने निकाल दिला: अशी अट कोर्ट अमलात आणून देणार नाही. निकाल सहा विरुद्ध शून्य. उरलेल्या तीन न्यायमूर्तींनी सुनावणीत भागच घेतला नाही.

निकाल लागला पण नकाशा बदलला नाही, कारण तोवर सरकारी व्यवस्थेनेच तो पक्का केला होता. १९३४ पासून केंद्र सरकारचं गृहनिर्माण प्रशासन घरकर्जाला हमी देत होतं, आणि कृष्णवर्णीय वस्त्यांना ती हमी मिळत नव्हती. गोऱ्या कुटुंबांनी स्वस्त कर्ज घेऊन उपनगरात घरं घेतली; त्या घरांची किंमत वाढली; ती मुलांच्या शिक्षणाला, म्हातारपणाला आली. ज्यांना कर्ज नाही त्यांनी भाडं भरलं. दोन पिढ्यांत हा फरक एवढा झाला की आज लोकांना तो निसर्गाने घातलेला वाटतो.

काउंटीतली काही नवी गावं तर शेजाऱ्यांना बाहेर ठेवण्यासाठीच झाली. फर्ग्युसनपासून जवळच ब्लॅक जॅक नावाचं गाव आहे. तिथे मिश्र वस्तीची सदनिकांची योजना येणार असं कळल्यावर रहिवाशांनी १९७० मध्ये घाईने गाव स्थापन केलं आणि लगेच नवीन सदनिकांवर बंदी घातली. पुढे कोर्टाने ती बंदी रद्द केली.

फर्ग्युसनचंही तेच. त्याला लागून किनलॉक नावाचं कृष्णवर्णीयांचं गाव होतं. दोन गावांना जोडणारा मुख्य रस्ता फर्ग्युसनने साखळी आणि बांधकामाचं सामान टाकून बंद ठेवला होता, अगदी १९६० च्या दशकापर्यंत. दुसरा एक रस्ता दिवसा उघडा असायचा. किनलॉकच्या बायका फर्ग्युसनच्या घरांत धुणीभांडी करायला, मुलं सांभाळायला जायच्या, त्यांच्यासाठी. संध्याकाळी त्यांनी परत जायचं. गावकुसाबाहेरची वस्ती आणि दिवसाचं काम, हे वेगळं समजावून सांगायची आपल्याला गरज नाही.

मग विमानतळाच्या आवाजाचं कारण सांगून किनलॉकची घरं विकत घेऊन पाडली गेली. हजारो वस्तीच्या गावात २०१० मध्ये तीनशे माणसंही उरली नाहीत. माणसं आसपासच्या गावांत, सदनिकांत पांगली, फर्ग्युसनमध्येही आली. आणि गोरे लोक पुढच्या उपनगरांकडे सरकले. फर्ग्युसनमध्ये १९९० मध्ये कृष्णवर्णीय २५ टक्के होते, २००० मध्ये ५२, २०१० मध्ये ६७. वीस वर्षांत गाव बदललं, गावाचा कारभार बदलला नाही. २०१४ मध्ये महापौर गोरा, सहा नगरसेवकांपैकी एकच कृष्णवर्णीय, पन्नासेक पोलिसांत कृष्णवर्णीय तीन-चार. निवडणूक एप्रिलमध्ये, राष्ट्रीय निवडणुकीपासून वेगळी, मतदान नगण्य. ज्यांच्या खिशातून चौथा हिस्सा यायचा त्यांचा माणूस निर्णयाच्या टेबलाशी जवळजवळ नव्हताच.

हे आधी कुणी सांगितलं नव्हतं?

सांगितलं होतं. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात १९६५ मध्ये पोलिसाने एका तरुणाची गाडी अडवली आणि सहा दिवसांत ३४ माणसं मेली. नेवार्कमध्ये १९६७ च्या जुलैत पोलिसांनी एका टॅक्सीवाल्याला पकडून मारलं, २६ मेले. त्याच महिन्यात डेट्रॉईटमध्ये पहाटे एका विनापरवाना दारूच्या अड्ड्यावर धाड पडली. ४३ मेले, सात हजारांहून जास्त अटकेत. डेट्रॉईट अजून धुमसत असताना अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी इलिनॉयचे गव्हर्नर ओटो कर्नर यांच्या अध्यक्षतेखाली अकरा जणांचा आयोग नेमला.

आयोगात जहाल कुणी नव्हतं. मधल्या वाटेची, प्रतिष्ठित माणसं होती. यामागे कट असावा, असा अनेकांचा संशय होता. आयोगाने गावोगाव जाऊन पाहिलं आणि कट नाही असं लिहिलं. २४ दंग्यांचा अभ्यास केला, त्यांतल्या १२ दंग्यांत शेवटचं निमित्त पोलिसांची कृती होती. तक्रारींत सर्वांत वर तीन गोष्टी होत्या: पोलिसांची वागणूक, बेकारी, घरं. २९ फेब्रुवारी १९६८ ला आलेल्या या अहवालाने म्हटलं की देश दोन समाजांकडे चालला आहे, एक काळा, एक गोरा, वेगळे आणि असमान. जॉन्सननी तो बाजूला ठेवला. पाच आठवड्यांनी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि शंभरावर शहरं पेटली.

आयोगापुढे मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क यांनी साक्ष दिली होती. १९१९ च्या शिकागोच्या दंग्याचा अहवाल वाचला की १९३५ च्या हार्लेमचाच वाचतोय असं वाटतं, मग १९४३ च्या हार्लेमचा, मग वॉट्सचा. तेच विश्लेषण, त्याच शिफारसी आणि तीच निष्क्रियता, असं ते म्हणाले. फर्ग्युसनच्या अहवालाच्या वेळी क्लार्क हयात नव्हते.

मराठी माणसाचा या इतिहासाशी जुना धागा आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली "गुलामगिरी" अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना. आणि १९६६ मध्ये ऑकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्ष निघाला, त्याचं पहिलं काम रस्त्यावर पोलिसांच्या गाडीमागे कायद्याचं पुस्तक आणि परवानगी असलेली बंदूक घेऊन फिरणं आणि अडवलेल्या माणसाला त्याचे हक्क ओरडून सांगणं हे होतं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने नाव तिथूनच घेतलं. वस्तीतल्या माणसाला पोलिस पहिलं वाक्य कोणत्या सुरात बोलतो, हे दोन्ही ठिकाणी लोकांना पाठ होतं.

नंतर

फर्ग्युसनच्या अहवालानंतर आठवड्याभरात पोलिस प्रमुख, शहर व्यवस्थापक आणि न्यायाधीश पायउतार झाले. मिसुरीच्या विधिमंडळाने २०१५ मध्येच कायदा केला: वाहतूक दंडातून गावाला मिळणाऱ्या उत्पन्नाची मर्यादा ३० टक्क्यांवरून २० वर आली. अनेक गावांची कोर्टं आणि पोलिस दलं त्यामुळे एकत्र झाली किंवा बंद पडली, कारण पावत्यांवाचून त्यांना जगताच येत नव्हतं. २०१६ मध्ये शहराने न्याय खात्याशी कोर्टाच्या देखरेखीखालचा करार केला. आधी खर्चाचं कारण सांगून आढेवेढे घेतले, खात्याने दावा लावल्यावर सही केली. २०२० मध्ये एला जोन्स या फर्ग्युसनच्या पहिल्या कृष्णवर्णीय महापौर झाल्या.

खर्चाचं कारण मात्र खोटं नव्हतं. दंड थांबले की चौथा हिस्सा कुठून आणायचा, हा प्रश्न उरतोच. एप्रिल २०१६ मध्ये फर्ग्युसनच्या मतदारांनी विक्रीकर वाढवायला होकार दिला आणि घरपट्टी वाढवायला नकार. म्हणजे घर असलेल्यावर बोजा नको, दुकानातून पाव आणि दूध घेणाऱ्यावर चालेल. याला मी गावाचा दोष म्हणणार नाही. गाव आधीच खंगलेलं होतं, लोकवस्ती कमी होत होती. पण पोलिस सुधारा म्हणणाऱ्यांनी तिजोरीचं गणितही सोबत मांडायला हवं, असं मला हा सगळा हिशोब वाचून ठामपणे वाटतं.

पैसे नाहीत म्हणून कोठडीत ठेवलेल्या लोकांनी सामूहिक दावे लावले होते. शेजारच्या जेनिंग्ज गावाने २०१६ मध्ये सुमारे ४७ लाख डॉलर देऊन तो मिटवला. फर्ग्युसनचा दावा लांबत लांबत २०२४ मध्ये मिटला. शहराने ४५ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं, १५ हजारांहून जास्त माणसांसाठी. वकिलांचा खर्च न धरता, सरसकट वाटले तर माणशी तीनशे डॉलरही येत नाहीत. त्या बाईने एका चुकीच्या पार्किंगसाठी भरले होते ५५०.